आमची वाटचाल : लाल पेन, हिरवं पेन

मुद्रितशोधन, संपादन आणि लेखनाचे वर्ग यांवर माझं घर चालतं. गोव्यात मराठीवर घर चालतं म्हटलं की लोक अजूनही खात्री करून घेतात. १९८७च्या राजभाषा कायद्याने कोंकणी राजभाषा झाली आणि सरकारी कामात मराठीच्या वापरालाही जागा राहिली. पण माझ्याकडे काम येतं ते कायद्यामुळे नाही. घरात कोंकणी बोलणारा माणूस देवस्थानची स्मरणिका, शाळेचा अंक किंवा वडिलांच्या आठवणी लिहायला बसला की फोंडा, डिचोली, पेडण्यात त्याच्या पेनातून बहुतेकदा मराठीच उतरते. त्या लिहिण्याला हात लावायचा मान मला मिळतो, याचा मला अभिमान आहे.

सुरुवात पणजीच्या एका दैनिकात प्रुफं वाचण्यापासून झाली. ती नोकरी सोडून फोंड्याच्या वरच्या बाजारात खोली घेतली ती आमच्या डीटीपीवाल्या, म्हणजे संगणकावर पानं जुळवणाऱ्या दादांच्या जिवावर. भाडं निम्मं-निम्मं, संगणक त्यांचा, कोश माझे. पानं मांडायचं पेजमेकर आणि मराठी अक्षरं टाइप करायची श्रीलिपी यांवर त्यांचा हात असा बसलेला की एक ओळ वाढली तर पुढचं पान कुठं तुटेल हे ते आधीच सांगायचे.

माझी हत्यारं साधी. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या १८५७च्या आवृत्तीचं पुनर्मुद्रण, साहित्य महामंडळाचे लेखननियम (१९६२चे १४ आणि १९७२मध्ये वाढवलेले ४), ओळीखाली धरायची लाकडी पट्टी, शिसपेन्सिल आणि दोन पेनं. लाल म्हणजे नियमाची चूक, तिथं चर्चा नाही. हिरवं म्हणजे माझी शंका, तिथं निर्णय लेखकाचा. शिसपेन्सिल पहिल्या वाचनाला. तेव्हा मी काहीच बदलत नाही, अडखळले तिथं नुसतं टिंब देते. पहिल्याच वाचनाला लाल पेन घेऊन बसणाऱ्याला चुका दिसतात, मजकूर दिसत नाही.

आता २०१३चं सांगते. एका संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी अंकाचं काम आमच्याकडे होतं. बराचसा मजकूर श्रीलिपीतून युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर सारख्याच वाचल्या जाणाऱ्या अक्षरसंकेतात आणावा लागला. हे काम केलेल्यांना वेगळं सांगायला नको. जुन्या फाँटात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, रफार नंतर. रूपांतरात दोन्ही भलत्याच अक्षरावर जाऊन बसतात. 'दुसऱ्या'चा 'दुसर्या' होतो, 'शेतकऱ्यां'चे 'शेतकर्यां'. दोनशेवर पानांत हे सगळं आम्ही हाताने निस्तरलं. तीन प्रुफं झाली, दादांनी शेवटच्या दुरुस्त्या घातल्या, अंतिम फाइल सीडीवर गेली. संस्थेने छपाई मात्र बाहेरच्या एका सेवेला दिली होती, आमच्या निम्म्या दरात 'संपादन ते छपाई' करून देणारी. अंदाजपत्रकासाठी म्हणून तिच्याकडे आधीच एक कच्ची फाइल गेली होती. छापली गेली ती कच्ची फाइल.

प्रकाशनाच्या दिवशी पाहुण्यांनी व्यासपीठावरच अंक उघडला. पहिल्या पानावर ठळक अक्षरांत 'वर्धापन दीन'. एका संस्थापकांच्या छायाचित्राखाली भलत्याच गृहस्थांचं नाव. आणि श्रेयनामावलीत 'संपादन व मुद्रितशोधन' यापुढे माझं नाव.

दुसऱ्या दिवशी तिसरं प्रूफ कापडी पिशवीत घालून मी समितीच्या प्रत्येक सदस्याच्या घरी गेले. 'दीन'ची दीर्घ वेलांटी लाल पेनाने ऱ्हस्व केलेली ती जागा बोट ठेवून दाखवली. चहा सगळ्यांनी दिला. "तुमचं बरोबर आहे हो, बाई," असंही म्हणाले. लेखी कुणी दिलं नाही, उरलेलं मानधनही दिलं नाही. त्या सेवेच्या माणसाने सभागृहाच्या दारातच आपली कार्डं वाटली होती. थोड्याच दिवसांत दोन शाळांचे वार्षिकांक तिकडे वळले. आत्मचरित्राची दोन हस्तलिखितं "बघू पुढं" म्हणत माझ्याकडून परत गेली. दादांना संसार होता, त्यांनी पणजीत नोकरी धरली. जाताना संगणक खोलीतच ठेवला. "हप्ते फिटलेत, वापर तू." खोलीचं भाडं थकलं. तो अंक कुणाच्या कपाटात दिसला की मला आजही राग येतो, आणि तो गिळावा असं मला वाटत नाही.

त्याच पावसाळ्यात सावईवेऱ्याचे एक बागायतदार काका जिना चढून आले. तो अंक त्यांनी वाचला होता, घडलेलंही ऐकलं होतं. शाळेच्या वह्यांचा गठ्ठा टेबलावर ठेवला, वर आगाऊ रक्कम ठेवली आणि म्हणाले, "बाये, म्हजें पुस्तक तूंच कर."

वह्यांत त्यांचं कुळागर, म्हणजे पोफळींची बाग होती. पाटाचं पाणी कुठल्या ओळीला कधी सोडायचं, मिरवेल कुठल्या झाडावर चढवायची, अननस कुठं लावायचे. एक वाक्य पाऊण पानभर चाललेलं : गडी पोफळीवर चढतो, शेंडा झुलवतो, शेजारच्या पोफळीला हात घालतो, घोस कापतो आणि जमिनीला पाय न लावता झाडाझाडावरून पुढं जात राहतो. मी हिरव्या पेनाने विचारलं, वाक्य तोडायचं का? काकांनी ते मला मोठ्याने वाचून दाखवलं. गडी खाली उतरेपर्यंत पूर्णविराम नको, म्हणाले. वाक्य होतं तसं छापलं. पुस्तक आलं, त्यांच्या ओळखीतून माणसं येऊ लागली, पहिला लेखनवर्गही त्यांच्याच अंगणात भरला. पुढची वर्षं नीट गेली.

नव्याने या कामात येणाऱ्यांना सांगते. अंतिम प्रुफाच्या प्रत्येक पानावर सही घ्या. फाइलच्या नावात तारीख घाला. अंदाजासाठी कुणी मजकूर मागितला तर दोन पानं द्या, अख्खं पुस्तक नको. संगणकाच्या शुद्धलेखन तपासणीवर विसंबू नका; 'दीन' हाही शब्द खराच आहे, त्याखाली लाल रेघ उमटणार नाही. आणि लेखकांनो, तुमची आजी कोंकणीत बोलत असेल तर पुस्तकातही तिला कोंकणीतच बोलू द्या. स्पर्धेसाठी निबंध लिहून मागणारे पालक येतात, यंत्राकडून लिहून आणलेलं 'जरा घरगुती करून द्या' म्हणणारेही येतात. दोघांनाही मी परत पाठवते. मुलाला वर्गाला पाठवा, स्वतःही या, एवढं सांगते.

त्याच संस्थेचा हीरकमहोत्सव आला तेव्हा नव्या समितीचा फोन आला. मी अटी लेखी कळवल्या : जुनी बाकी आधी द्यायची, अंतिम प्रुफावर पानोपानी अध्यक्षांची सही, छापखान्यात फाइल मी स्वतः नेणार, आणि आधीच्या अंकाचा खुलासा नव्या अंकात छापायचा. पहिल्या तीन अटी त्यांनी फोनवरच मान्य केल्या. चौथीसाठी सभा घ्यावी लागेल म्हणाले. सभा झाली नाही. मी ते काम घेतलं नाही.