अप्पांची यादी

३ जून २०२० ला दुपारी निसर्ग चक्रीवादळ आमच्या श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर आलं. (नाव बांगलादेशाने सुचवलेलं. आमच्या आळीत त्याला अजून नुसतं 'ते वादळ' म्हणतात.) मी टाळेबंदीत, डोंबिवलीत. सहा दिवस घरचा फोन लागेना. सातव्या दिवशी अप्पा म्हणाले, "आम्ही बरे आहोत. वाडी नाही."

ई-पास मिळवून पोचेपर्यंत जून संपत आला होता. मागचं दार उघडलं आणि दचकलेच, समोर समुद्र! आमच्या मागच्या दारातून समुद्र ऐकू यायचा, दिसायचा नाही. पोफळींची सावली एवढी दाट, की मे महिन्यातही पाटाच्या कडेला शेवाळ असायचं. आता पाऊस उघडला की ऊन सरळ माजघरात. पोफळी मधोमध मोडलेल्या, माड मुळासकट आडवे, आणि मिरवेली त्यांना तशाच बिलगून.

मी कॉलेजपासून कविता करते. वीज नव्हतीच, मेणबत्ती लावून बसले. 'उन्मळलेली स्वप्नं' असलं काहीबाही सुचलं. सकाळी तो कागद चूल पेटवायला कामी आला.

मग चहा घेताना फळीवर अप्पांची दुधाच्या हिशेबाची वही दिसली. मागच्या पानांवर पंचनाम्यासाठी त्यांनी पडलेली झाडं टिपून ठेवली होती. नुसता आकडा चालला असता. अप्पांनी लिहिलं होतं:

विहिरीलगतचा माड. शहाळं गोड. मुळासकट.
पाटावरची तिसरी पोफळ. मिरी हिच्यावर. कंबरेत मोडली.
तिच्या शेजारची. तशीच.
तशीच.
तशीच.
धाकट्याने नाव कोरलेली. नाव शाबूत.
न्हाणीमागचा माड. काकूने लावला. फळ कधी धरलं नाही. पडला.

अशी साडेचार पानं. मी दोनदा वाचली. तिसऱ्यांदा मोठ्याने वाचायला लागले, तर 'तशीच'पाशी आवाज बसला.

"अप्पा, ही कविता आहे."

"कसली कविता? झाडं पडली, ती लिहिली. चहा निवतोय."

भरपाई आधी क्षेत्रावर होती, फळबागेला हेक्टरी ५०,००० रुपये. म्हणजे गुंठ्याला पाचशे. आमची वाडी बारा गुंठ्यांची. पोफळ लावली की धरायला सहा-सात वर्षं जातात, हे हेक्टरात कुठे बसवायचं? झाडं मोजा म्हणून लोकांनी ओरड केली, तेव्हा पुढे झाडामागे पैसे ठरले. पोफळीला ५०, नारळाला २५०.

गणपतीपर्यंत मी तिथेच होते. अर्जातल्या चौकटीत जेमतेम तीन आकडे मावत होते. साडेचार पानं मोजून मी लिहिलं: पोफळी १४०, माड ११.

अप्पांनी चष्मा लावून पाहिलं.

"दहा कर."

"अकरा आहेत, अप्पा. मी दोनदा मोजलेत."

"न्हाणीमागचा धरू नकोस. त्याने जन्मात एक नारळ दिला नाही. त्याचे अडीचशे कसे मागायचे?"