टॉरी पाइन्स: एका कड्यावरची दोन मैदानं

टॉरी पाइन्स हे अमेरिकेतल्या सॅन डिएगो शहराच्या मालकीचं गोल्फचं मैदान आहे, आणि मला तिथली हीच गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते. २००८ आणि २०२१ सालची यूएस ओपन ही मोठी स्पर्धा जिथे झाली, तिथे पैसे भरून कोणीही टी टाइम, म्हणजे खेळ सुरू करायची वेळ, घेऊ शकतं. आपल्याकडे गोल्फ म्हटलं की बहुतेक ठिकाणी क्लबाचं सदस्यत्व लागतं, नाहीतर लष्करात ओळख. इथे शहरवासीयांना दरही बराच कमी. माझा मावसभाऊ तिथे राहतो, तो याच दरात खेळतो. एकत्र खेळणाऱ्या आमच्या चौघांत एक निवृत्त बसचालक होते. प्रत्येक ग्रीनचा, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीचा, उतार त्यांना तोंडपाठ.

दुसऱ्या महायुद्धात या कड्यावर कॅम्प कॅलन हा लष्करी तळ होता. १९५७ साली नॉर्थ आणि साउथ ही दोन्ही मैदानं सुरू झाली. ज्यांच्यावरून नाव पडलं ते टॉरी पाइन वृक्ष निसर्गतः फक्त या किनाऱ्यावर आणि सांता रोझा बेटावर उगवतात. वाऱ्याने वाकलेल्या त्या खोडांकडे बघताना आपली पाळी कधी आली, कळत नाही.

आधी नॉर्थ खेळलो. २०१६ साली माजी गोल्फपटू आणि मैदान-रचनाकार टॉम वाइस्कॉफ यांनी ते नव्याने रचलं. ग्रीन मोठी केली, पहिले नऊ आणि शेवटचे नऊ होल अदलाबदल केले, त्यामुळे समुद्र आता उत्तरार्धात भेटतो. चेंडू जमिनीवरून घरंगळत ग्रीनवर नेता येतो. माझ्यासारख्या साध्या खेळाडूला इथे पार (होलसाठी ठरलेल्या फटक्यांत चेंडू आत घालणं) मिळतो, आणि मान वर करून पॅसिफिक बघायला सवडही.

साउथ मात्र सवड देत नाही. मागच्या टीवरून (टी म्हणजे होलचा पहिला फटका मारायची जागा) लांबी ७,६०० यार्डांच्या वर. आम्ही अर्थात बरंच पुढून खेळलो. तरी किकुयू गवताच्या रफमध्ये, म्हणजे कडेच्या उंच गवतात, चेंडू गेला की मनगटाची परीक्षाच. तिसरा होल अप्रतिम: उंच टीवरून खालचं ग्रीन, डावीकडे घळ आणि मागे सगळा समुद्र. बाराव्याला समुद्राकडून वारा थेट तोंडावर येतो, दोन दणदणीत फटके मारूनही ग्रीन दूरच राहतं. शेजारच्या ग्लायडरपोर्टवरून उडालेले पॅराग्लायडर कड्याला धरून तरंगत होते.

अठराव्या ग्रीनसमोर तळं आहे. २००८ च्या यूएस ओपनमध्ये पायाचं हाड तडकलेलं असताना टायगर वूड्सने याच ग्रीनवर बर्डीचा (पारपेक्षा एक फटका कमी) पट, म्हणजे ग्रीनवरून चेंडू घरंगळवत होलमध्ये घालायचा फटका, घालून प्रतिस्पर्धी रॉको मेडिएटशी बरोबरी साधली आणि दुसऱ्या दिवशीच्या प्लेऑफमध्ये, म्हणजे बरोबरी सोडवायच्या जादा खेळात, जिंकला. मी त्या जागेवरून पट मारून पाहिला. चेंडूने उसळत उसळत वाट सोडली, तेव्हा त्या फटक्याची किंमत कळली.

एकच फेरी परवडणार असेल तर माझं मत नॉर्थला. साउथचं नाव मोठं आहे, पण ही जागा मला नॉर्थवर जास्त भेटली. हिवाळ्यात जाणार असाल तर दुपारची वेळ घेऊ नका. पाचच्या सुमारास अंधार पडतो आणि समुद्राकडचे होलच खेळायचे राहतात.