कोल्हापूर ते पोखरा: गाडीचे सगळे कागद होते, टपावरच्या होडीचा एक पण नव्हता

कायाक, म्हणजे वल्ह्यानं चालवायची छोटी होडी, गाडीवर टाकून नेपाळला नेली म्हटल्यावर भेटेल तो विचारतो की बॉर्डरवर कोण अडवलं नाही का, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. गेलो होतो नोव्हेंबर २०२३ ला, दिवाळी उरकल्यावर, मी आणि माझा एक मित्र. गाडी त्याच्या वडिलांची बोलेरो, कायाक माझी, दोन माणसांची, प्लास्टिकची, १२ फूट. फीचे आकडे सारखे बदलतात त्यामुळं ते ताजे बघून घ्या, कागद कुठले लागले ते मी सांगतो.

आधी ट्रेलरचं सांगतो कारण सगळ्यात मोठा गाढवपणा तिथं झाला. आमचा मूळ प्लॅन होता ट्रेलर ओढत न्यायचा. उद्यमनगरात एका ओळखीच्या फॅब्रिकेशनवाल्याकडनं झकास ट्रेलर बनवून घेतला, मारुतीची जुनी चाकं, अँगलची फ्रेम, मागं लाल दिवे, २८ हजार गेले. मग एका आरटीओचं काम बघणाऱ्या माणसाला सहज दाखवला तर त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "आरसी कुठाय ह्याची?" मी म्हटलं गाडीची आहे की. तो म्हणाला गाडीची गाडीला, ट्रेलर म्हणजे कायद्यानं वेगळं वाहन, त्याला स्वतःचं रजिस्ट्रेशन आणि स्वतःचा नंबर लागतो, आणि असं घरगुती वेल्डिंग केलेल्याला तो मिळत नाही कारण त्याचं टाईप अप्रूव्हल, म्हणजे त्या बनावटीला सरकारी मान्यता, नाही. "इथनं पुण्यापर्यंत गेलासा तरी नशीब, नेपाळ लांब ऱ्हायलं." तो ट्रेलर आता मित्राच्या शेतात वैरण वाहतोय. कायाक टपावर कॅरिअरला बांधायचं ठरलं, उलटी, दोन पट्ट्यांनी, आणि पुढनं-मागनं बंपरला दोरी.

आता गाडीचे कागद. नेपाळला आपल्या गाडीला कारनेट (गाडी तात्पुरती परदेशी न्यायचा कस्टमचा कागद) वगैरे लागत नाही, ते लांब परदेशात गाडी नेणाऱ्यांचं. इथं आरसी, इन्शुरन्स, पीयूसी, लायसन, सगळं ओरिजिनल, मोबाईलमधलं दाखवून भागेल ह्या भरवशावर जाऊ नका. गाडी स्वतःच्या नावावर नसेल तर मालकाचं पत्र लागतं. आम्ही कसबा बावड्याला कोर्टाजवळ नोटरीकडं जाऊन मित्राच्या वडिलांकडनं हिंदीत लिहून घेतलं की माझा मुलगा ही गाडी अमुक तारखेपासून नेपाळला नेतोय, माझी हरकत नाही. वडील सही करताना म्हणाले, "हरकत हाय, पण लिव्हा."

आरसी काढून बघितली तर त्यावर अजून बँकेचा बोजा! कर्ज फिटून दोन वर्षं झालेली, बँकेनं एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ दिलेला, तो माझ्या ह्या पठ्ठ्या मित्रानं कपाटात दाबून ठेवलेला. बँकेनं दिलं म्हणजे झालं असं वाटतं लोकांना, पण आरटीओकडं अर्ज केल्याशिवाय आरसीवरचं नाव उतरत नाही. वेळ कमी होता म्हणून अर्ज टाकला आणि बँकेच्या पत्राची ओरिजिनल सोबत ठेवली. ज्यांचं लोन चालू आहे त्यांनी बँकेकडनं तसं पत्रच मागून घ्यावं.

इन्शुरन्सचं तर कुणी बघतच नाही. आपली पॉलिसी भारताच्या हद्दीत चालते, पलीकडं पाय ठेवला की संपली. पण ती वाढवून मिळते, तिला जिओग्राफिकल एरिया एक्स्टेन्शन म्हणतात, नेपाळ, भूतान, बांगलादेश, पाकिस्तान, श्रीलंका, मालदीव एवढे देश त्यात येतात, आणि पॉलिसीला आयएमटी १ नावाची पुरवणी लागते. मोटर टॅरिफमध्ये, म्हणजे गाडीच्या विम्याच्या दरपत्रकात, फुल पॉलिसीला ५०० रुपये आणि नुसत्या थर्ड पार्टीला १०० असा दर आहे. आमचा एजंट पहिल्यांदा म्हणाला असलं काय नसतंय. मग मी टॅरिफचं पान त्याला व्हॉट्सॲपला टाकलं, दोन दिवस गप्प, तिसऱ्या दिवशी फोन, "साहेब, असतंय." जीएसटी धरून ५९० रुपयात काम झालं. २००० किलोमीटर डिझेल जाळणारा माणूस हे ५९० वाचवतो ह्याचं मला नवल वाटतं.

स्वतःच्या ओळखीला पासपोर्ट नाहीतर मतदार कार्ड. १५ ते ६५ वयाच्या माणसाचं आधार त्यासाठी धरत नाहीत. शंभरच्या नोटा बऱ्यापैकी घेतल्या. आपला १ रुपया म्हणजे तिकडचे १.६०, हा दर बांधलेलाच आहे त्यामुळं हिशेब सोपा.

आणि ह्या सगळ्यात कायाकचा कागद म्हणून काय होतं? एक बिल. फाईलमध्ये इतकी कागदं, आणि ज्या वस्तूसाठी हा सगळा खटाटोप तिची ओळख म्हणजे एक पान, त्यावर लिहिलेलं "कायाक, १ नग, पिवळा". ना आरसी, ना नंबर. मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही.

पुणे, इंदूर, लखनौ, गोरखपूर करत चौथ्या दिवशी दुपारी आपल्या बाजूच्या बॉर्डरवर, सुनौलीला पोचलो. ट्रकांची रांग, रिक्षा, सायकली, पायी चाललेली माणसं, सगळं एकाच रस्त्यावर. एक पोरगं काचेला चिकटलं, "भन्सार करवा दूँ भैया?" भन्सार म्हणजे नेपाळीत कस्टम. घरी फोनवर म्हटलं की आता गाडीचं भन्सार करायला लागतंय, तर बायको ओरडलीच, "गाडीचं भंगार? काय झालं?" तिला समजावण्यात पाच मिनिटं गेली.

लगेच कमान ओलांडून पलीकडं जायचा आमचा विचार होता. चहाच्या टपरीवर एक वयस्कर ट्रान्सपोर्टवाले भेटले, त्यांनी टपावर बघून एकच प्रश्न विचारला, "ले जा रहे हो, ठीक है. वापस लाओगे तब कैसे दिखाओगे कि यहीं की है?" खरंच की! गाडीला एमएच ०९ लिहिलेलं आहे, ती भारताचीच. पण होडी पिवळी, कुठलीही असू शकते, येताना कुणी म्हटलं की नेपाळातनं विकत आणली, ड्युटी भरा, तर काय दाखवणार? विमानतळावर लोक भारी कॅमेरे नाहीतर दागिने नेताना जाण्याआधी कस्टमकडनं एक्स्पोर्ट सर्टिफिकेट घेतात, परत आणताना ड्युटी लागू नये म्हणून. तेच आपण घ्यायचं.

मग आपल्याच बाजूच्या कस्टममध्ये गेलो. अधिकारी शांत माणूस. बिल वाचलं, बाहेर आले, होडीकडं बघितलं आणि म्हणाले, इस पर कोई नंबर होगा, वह चाहिए, पीली तो बहुत होती हैं. मी म्हटलं नंबर नाही साहेब. ते म्हणाले होता है, पीछे देखो.

कायाकच्या शेपटाकडं, उजव्या बाजूला, प्लास्टिकमध्येच उठवलेला नंबर असतो. मी दोन वर्षं ती होडी पंचगंगेत चालवतोय आणि मला माहीत नव्हतं. माहीत असणार कसं, त्या जागेवर मीच हौसेनं हे एवढं मोठं स्टिकर लावलेलं, "जगात भारी कोल्हापुरी". बॉर्डरवर भर उन्हात मी बोलेरोच्या मागच्या चाकावर चढून नखानं स्टिकर खरवडतोय, मित्र खालनं पाण्याची बाटली देतोय, आठ-दहा माणसं गोळा, एकजण विचारतोय इसमें क्या लिखा था. "जगात" पटकन निघालं. "भारी" जाम निघेना. शेवटी लायसनच्या कडेनं तासलं, खाली गाळ बसलेला तो दात घासायच्या ब्रशनं काढला, तेव्हा एकेक अक्षर दिसायला लागलं. साहेबांनी ते स्वतः वाचून लिहून घेतलं, लांबी, रंग, दोन वल्ही, दोन लाईफ जॅकेट, सगळं कागदावर, शिक्का, सही. मी लगेच चार झेरॉक्स मारल्या आणि मोबाईलवर होडीचा, नंबराचा आणि कागदाचा एकत्र फोटो काढला.

पलीकडं नेपाळच्या बेलहियाला त्यामुळं सोपं गेलं. गाडीचा फॉर्म भरायचा, किती दिवस राहणार ते सांगायचं, तेवढ्या दिवसांचे पैसे भरायचे, पावती घ्यायची, मग वाहतुकीचा परवाना. दिवस मोजताना आत जायचा आणि बाहेर यायचा दोन्ही दिवस धरतात, आम्ही संध्याकाळी पाचला घुसलो तरी तो अख्खा दिवस मोजला. म्हणून एक दिवस जास्तीचाच भरा, मुदत संपल्यावर दंड लागतो. आणि एका आर्थिक वर्षात आपली गाडी तिथं ३० दिवसच राहू शकते, त्यांचं आर्थिक वर्ष श्रावणात सुरू होतं, त्यांचा श्रावण म्हणजे आपला जुलैचा मध्य. पावतीवर तारीख विक्रम संवताची. मित्रानं २०८० बघितलं आणि हबकला, "मर्दा, ५७ वर्षाचं भरलास का काय?"

होडीसाठी मी आपल्या कस्टमचा कागद पुढं केला. त्यांनी बघितला, विकायला नाही ना एवढं विचारलं, आणि लिहून घेतलं "कायाक, १ थान". थान म्हणजे नेपाळीत नग. आम्ही दोघं म्हशीच्या गावचे, आम्हाला थान म्हटलं की गोठाच आठवतो, हसू दाबताना मित्राला खोकल्याचं नाटक करायला लागलं.

बुटवल, पाल्पा करत पोखरा. घाटरस्ता वळणाचा, टपावरच्या पट्ट्या दर तासाला ताणून घ्यायला लागल्या. वाटेत दोनदा पोलिसांनी भन्सारची पावती बघितली, ती डॅशबोर्डवरच ठेवा. तिथल्या फेवा तलावाचं काय वर्णन करू, सकाळी सहाला वल्हं पाण्यात घातलं तर समोर माछापुच्छ्रेचं शिखर, त्याचं उलटं चित्र पाण्यात, आणि आपण त्याच्यावरनं चाललोय. लाईफ जॅकेट घालूनच उतरा. तीन दिवस तेवढंच केलं.

येताना एक घोळ झाला. नेपाळ सोडताना पावती दाखवून गाडी बाहेर गेल्याची नोंद करायची असते, नाहीतर कागदावर गाडी आतच राहते. आम्ही गर्दीच्या लोंढ्यात ती खिडकी सोडून पुढं आलो, अर्ध्या रस्त्यात आठवलं, मित्र पावती घेऊन उलटा पळाला, मी मधोमध गाडी उभी करून सगळ्यांचे हॉर्न खात बसलो.

आपल्या बाजूला जाताना भेटलेले साहेब नव्हते, दुसरे होते. त्यांनी टपाकडं बोट केलं, मी काही न बोलता सर्टिफिकेट दिलं. ते मागं गेले, चवड्यावर उभं राहून नंबर एकेक अक्षर करत कागदाशी ताडून बघितला, आणि शेजारी अर्धवट उरलेलं "री कोल्हापु" वाचायचा प्रयत्न करत म्हणाले, यह कौन सी कंपनी है?

घरी आल्यावर नवीन स्टिकर लावलंय. नंबरापासून चांगलं एक वीत लांब.