नाच थांबता कामा नये

तिसरी तार कधीतरी तुटणारच, हे धरूनच पेडल स्टील गिटारवर बसायचं असतं. दहा तारांत सगळ्यात बारीक तीच, 0.011 इंचाची. सुरात लावली की तिच्यावर साधारण 28 पौंडांचा ताण येतो, आणि पेडल दाबलं की ती आणखी अर्धा सूर वर ओढली जाते. एकेका गाण्यात हे सतत चालू असतं. शेवटी जिथे ती चेंजरच्या, म्हणजे तार ओढणाऱ्या यंत्रणेच्या, गोलाईवरून वळते तिथे कंटाळते आणि ताड्कन जाते. त्या शनिवारी तिच्या पाठोपाठ आणखी दोन गोष्टी गेल्या, म्हणून तो शनिवार लक्षात राहिला.

मी मूळचा मिरजेचा. सध्या टेक्सासात, ऑस्टिनजवळ राहतो. दिवसा एका वर्कशॉपमध्ये लेथ आणि मिलिंग, आणि शनिवार-रविवार एका कंट्री डान्स बँडमध्ये पेडल स्टील. मराठी मंडळात कुणी विचारलं आणि मी ‘स्टील गिटार’ म्हटलं, की ज्येष्ठ मंडळी लगेच म्हणतात, “म्हणजे हवाईयन गिटार! सुनील गांगुली!” बरोबरच आहे त्यांचं. घराणं एकच. तारा आडव्या, डाव्या हातात पोलादी बार, उजव्या हाताला नख्या. फक्त माझ्या वाद्याला चार पाय आहेत, खाली ए, बी, सी अशी तीन पेडल आहेत, आणि दोन्ही गुडघ्यांनी ढकलायचे लिव्हर आहेत. पोटाखाली वाकून पाहिलं तर सळ्या, बिजागऱ्या, स्प्रिंगा आणि नायलॉनचे नट. मशीनवाल्या माणसाला आवडावं असंच प्रकरण. पण मशीन म्हटलं की बिघाड आलाच.

ऑस्टिनच्या दक्षिणेला आणि पश्चिमेला जुने लाकडी डान्स हॉल आहेत, एकोणिसाव्या शतकात जर्मनीहून आलेल्या लोकांच्या वस्त्यांतले. ग्रूनचा 1878 चा हॉल सगळ्यांना ठाऊक असतो. आम्ही वाजवत होतो तो त्याहून लहान. जून महिना, एसी नाही, भिंतींच्या फळ्या काठ्या लावून वर उचललेल्या. नात आजोबांबरोबर नाचतेय, नवीन लग्न झालेली जोडपी आहेत, पन्नास वर्षं एकत्र नाचणारी आहेत, आणि सगळे घड्याळाच्या उलट दिशेने हॉलभर फिरताहेत. इथे बँडचं काम एकच: हा घोळका फिरता ठेवायचा. दोन गाण्यांच्या मध्ये मोठी फट पडली की लोक बिअरच्या काउंटरकडे वळतात आणि गायकाच्या कपाळावर आठी येते.

आल्या आल्या गुणगुण सुरू झाली होती. स्टेजच्या शेजारी बिअरची निऑनची पाटी, आणि तारांचा आवाज उचलणारा माझा पिकअप एका कॉइलचा. तो असल्या पाट्यांची घरघर हौसेने पकडतो. साधा गिटारवाला जरा वळून उभा राहतो की भागलं. मला चार पायांचं वाद्य, खुर्ची, अँप सगळं तिरकं करावं लागलं. असो.

पहिल्या सेटच्या मध्यावर एक शफल, म्हणजे झुलत्या ठेक्याचं गाणं, चालू होता, जी पट्टीत. फिडलवाला सोलो संपवत होता, पुढचा माझा. मी बी पेडल दाबलं आणि तार गेली. आवाज फक्त मला आणि ड्रमवाल्याला आला असेल. पहिली गोष्ट, लोंबणारं टोक उपटून बाजूला करायचं, नाहीतर ते शेजारच्या तारांवर खरखरत बसतं. दुसरी, बाकीच्या नऊ तारा किंचित चढल्यात हे कानाने सांभाळायचं. 28 पौंडांचा ताण एकदम गेला की लाकडी खोकं तेवढं सैलावतं आणि इतर तारा तीव्र होतात.

आणि तिसरी, सूर शोधायचे. ते दुसरीकडे असतातच. तिसऱ्या फ्रेटवर, म्हणजे तारांखालच्या तिसऱ्या खुणेवर, तिसऱ्या तारेचा जो सूर, तोच चौथ्या तारेवर सातव्या फ्रेटला मिळतो. बी पेडलने तो सूर अर्धा चढायचा. चौथी तार अर्धा सूर चढवणारा लिव्हर गुडघ्याशी आहे. म्हणजे पायाचं काम गुडघ्याला द्यायचं. अडचण एवढीच की सातव्या फ्रेटवर शेजारची तार चुकूनही छेडली की भलतीच पट्टी वाजणार. तिथे एकेरी ओळ, आणि कॉर्ड हवा असेल तर परत तिसऱ्या फ्रेटवर येऊन चौथी, पाचवी, सहावी. सोलो नेहमीपेक्षा उघडाबोडका झाला. फिडलवाल्याने एकदा भुवई उंचावली आणि सोलो संपताक्षणी वरचे सूर स्वतःकडे घेतले. चांगला साथीदार असा असतो.

ब्रेकमध्ये नवी तार चढवली. हे काम दिसतं तितकं झटपट होत नाही. मोकळा सूर खुंटीवर लावायचा, पेडल दाबून वरचा सूर कडेच्या नायलॉनच्या नटावर षटकोनी किल्लीने लावायचा, मग तार हाताने ओढून ओढून ताणायची, कारण कोरी तार उतरत राहते. आणि पुन्हा पहिल्यापासून. जुनी तार गुंडाळून पेटीच्या झाकणात टाकली.

दुसऱ्या सेटमध्ये डावा पाय एकदम जमिनीला टेकला. ए पेडलखाली काहीच विरोध नाही. पेडलची सळी वरच्या बिजागरीतून निसटली होती, तिला धरून ठेवणारी नायलॉनची कडी चिरली होती. गाणं डी पट्टीत, मी दहाव्या फ्रेटवर, आणि पुढचा कॉर्ड जी. तो ए आणि बी पेडल एकत्र दाबून येतो. नुसत्या बीने धड डी नाही, धड जी नाही असं काहीतरी अधांतरी वाजतं.

इथे पेडल स्टीलवादक बडी एमन्सचे आभार मानायला हवेत. 1954 मध्ये कंट्री गायक वेब पिअर्सच्या एका गाण्यात स्टीलवादक बड आयझॅक्सने पेडल दाबून, एक सूर जागेवर ठेवून दुसरे सरकवले, आणि स्टील वाजवणारे सगळे आपापल्या वाद्यांना पेडल ठोकायला धावले. आयझॅक्सचं ते काम एका पेडलवर होतं. एमन्सने ते दोन पेडलांत वाटून टाकलं. त्या वाटणीमुळेच ए पडलं तरी माझं बी शाबूत होतं. शिवाय पाचवी तार पूर्ण सूर चढवायचं काम ए सोबत सी पेडलही करतं. फक्त ते जाता जाता चौथी तारही चढवतं. मग पाय एक घर उजवीकडे सरकवला, बी आणि सी एकत्र दाबली, चौथी तार टाळली आणि पाचवी, सहावी, आठवी छेडली. आला जी. तोच घसरत येणारा जी. गाणं संपलं तसा खुर्चीवरून उतरून वाद्याखाली शिरलो. पेटीच्या झाकणातली ती तुटकी तिसरी तार होतीच. तिचे तीन वेढे देऊन सळी बिजागरीला बांधली. तोवर गायकाने प्रेक्षकांतल्या कुणाचा तरी वाढदिवस शोधून काढला होता. वेळ काढायला वाढदिवसासारखं साधन नाही.

तिसऱ्या सेटमध्ये संथ वॉल्ट्झ, आणि व्हॉल्यूम पेडल गेलं. हे ज्याने वाजवलेलं नाही त्याला सांगणं अवघड. उजवा पाय या पेडलवर कायम असतो. तार छेडताना आवाज थोडा दाबायचा आणि सूर विरायला लागला की पाय हळूहळू पुढे रेटायचा, म्हणजे सूर लांबतो. स्टीलचं ते रडणं-गाणं निम्मं या पायात आहे. पेडलच्या आत एक दोरा असतो, व्हॉल्यूमच्या दांडीभोवती गुंडाळलेला. जुन्या रेडिओत काटा सरकवणारा डायलचा दोरा असायचा ना, तोच प्रकार. तो तुटला. पाय मोकळा झुलतोय आणि आवाज होता तिथेच अडकलाय, अगदी खाली.

बासवाला अँपच्या शेजारी उभा होता. त्याला खूण केली, त्याने अँप शून्यावर नेला, कारण चालू अँपची केबल उपटली तर हॉलभर धडाका होतो. पेडलमधून अँपकडे जाणारी केबल काढून सरळ वाद्यात खोचली. त्याने आवाज परत बेताने चढवला. आता छेडलेला प्रत्येक सूर टोकदार येत होता आणि लगेच विरत होता. फिडलवाल्याला म्हटलं, “लांब सूर तू घे, मी मधल्या जागा भरतो.” नख्या ब्रिजपासून दूर, तारांच्या मध्याकडे नेल्या, तिथे सूर मऊ येतो. बारची थरथर वाढवली. सूर कमी केले.

नाचणाऱ्यांपैकी कुणालाही काही कळलं नाही. कळलं ते स्टेजच्या कोपऱ्यापाशी हाताची घडी घालून उभ्या असलेल्या हॅटवाल्या आजोबांना. स्टील वाजवणाऱ्यासमोर असं एक माणूस कुठल्याही हॉलमध्ये उभं असतंच. ब्रेक झाल्या झाल्या ते पुढे आले. “पोरा, तुझा उजवा पाय हलायचा का थांबला?” ते स्वतः पूर्वी वाजवायचे. दोरा दाखवला, तर ते काही न बोलता पार्किंगमध्ये गेले आणि आपल्या पिकअप ट्रकमधून मासे पकडायची विणीव दोरी घेऊन आले. इथल्या ग्वाडलूप नदीकाठच्या माणसाच्या गाडीत ती असतेच म्हणा. आम्ही दोघांनी स्टेजवर मांडी घालून पेडल उघडलं. त्यांनी टॉर्च धरला, मी दांडीला वेढे घातले, स्प्रिंगमध्ये गाठ मारली. शेवटचा सेट त्या दोरीवर पार पडला, आणि मूळ दोऱ्यापेक्षा ती नितळ चालली हे सांगायला हरकत नाही.

रात्री सामान आवरताना आजोबा परत आले. त्यांना तो जी कॉर्ड खटकला होता.

“ए पेडल पडलं तर बी-सीची कसरत कशाला? सरळ तिसऱ्या फ्रेटवर उतरायचं. पेडलविना जी हजर!”

“अहो, पण मग सूर घसरत नाही येत. बारने उडी मारल्यासारखा येतो.”

“नाचणाऱ्याला काय कळतंय?”

“तुम्हाला कळलं ना!”

त्यावर ते हसले, पण मुद्दा सोडला नाही. आमच्या तरुणपणी एवढी पेडलं होती कुठे, तरी लोक नाचायचेच, म्हणाले. ड्रमवाल्याने व्हॅनचा हॉर्न वाजवला तेव्हा ते मला बार तिरका धरून तोच जी कसा काढता येतो ते हवेत करून दाखवत होते.