सुभेदारनानांचा बडाखाना

आमच्या मंडळाच्या पावतीवर 'महाप्रसाद' असं छापलेलं असायचं, पण अख्ख्या पेठेच्या तोंडी शब्द एकच, बडाखाना. तो आणला सुभेदारनानांनी. पलटणीत सणावाराला साहेब आणि जवान एका पंगतीत जेवतात, तो बडाखाना. नानांनी त्यात आपली भर घातली होती. त्या दिवशी अध्यक्ष, खजिनदार, झाडून सगळे पदाधिकारी वाढपी, आणि पहिली पंगत मांडववाल्याच्या गड्यांची, घंटागाडीवरच्या ताईंची. नाना स्वतः आमटीची बादली घेऊन पंगतीतून अक्षरशः पळायचे. लाइट इन्फंट्रीची चाल त्यांनी पेन्शनीतही सोडली नाही. पांढऱ्या सदऱ्यांचं व्हायचं ते व्हायचं.

नाना साताऱ्याजवळच्या आपशिंग्याचे. मिलिटरी आपशिंगे म्हणतात ते हेच. पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जवान कामी आले. तिथं पोरगं दहावीला गेलं की लोक मार्क नाही, छाती विचारतात, असं नाना सांगायचे. ते बेळगावला भरती झाले आणि मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनमध्ये, जंगी पलटणीत गेले.

संगीत खुर्चीचे पंच कायम तेच. गाणं थांबलं की 'जैसे थे!' अशी आरोळी यायची आणि बसलेल्या-उभ्या सगळ्यांनी थिजायचं. पापणी हलली तरी बाद, वर पाच उठाबशा. मग नाना कांदाभज्यांची गरम ताटली एकेकाच्या नाकाखालून सावकाश फिरवायचे. शेजारच्या वकीलकाकांचा घोट गिळताना गळा हलला म्हणून ते बाद झाले होते. त्यांनी अपील केलं. नानांनी निकालादाखल एक भजं त्यांच्या हातावर ठेवलं.

रात्री आरती झाल्यावर आम्ही पोरं मांडवात मागं लागायचो, "नाना, लढाईची गोष्ट!" बहुतेक वेळा लंगरमधल्या स्वयंपाक्याचीच गोष्ट मिळायची. फारच धरणं धरलं तर डिसेंबर १९७१ मधली, बांगलादेश युद्धातली जमालपूरची लढाई.

"आपल्या ब्रिगेडियरसाबांनी त्यांच्या कर्नलला चिठ्ठी धाडली, शरण या. आन् त्यानं उत्तराच्या कागदात काय गुंडाळून पाठवलं म्हायतीय?" एवढं बोलून नाना खिशातून कागदाची पुडी काढायचे, फार जपून उलगडायचे. आम्ही मागं सरकायचो. आत लिमलेटची गोळी. खऱ्या पुडीत बंदुकीची होती.

त्या १० डिसेंबरच्या रात्री पाकिस्तानी फौज ढाक्याच्या रस्त्यानं निसटायला निघाली आणि वाट अडवून बसलेल्या जंगी पलटणीवर येऊन धडकली. "मग?" आम्ही विचारायचो. "मग सकाळ झाली." पुढं एकदम टांगाईलजवळचा पुंगलीचा पूल यायचा. तिथं छत्र्यांनी उतरलेल्या पॅरा पलटणीशी यांची गाठ पडली, आणि ती पलटणही मुळातली मराठ्यांचीच तिसरी! "वरनं पडली ती बी आपलीच," असं म्हणून नाना मांडी थोपटायचे. मधली रात्र त्यांनी आम्हाला कधीच सांगितली नाही. त्या अंधारात दोनशेवर माणसं पडली, हे मी मोठेपणी वाचलं.

घरात मात्र त्यांचं काही चालत नसे, निदान ते तसं दाखवत. जोडप्यांच्या उखाण्यांच्या कार्यक्रमात नानी लाजून गप्प राहिल्या तेव्हा नानाच खाडकन टाच जुळवून उभे राहिले:

"पलटणीत होता हुकूम कर्नलसाहेबांचा,
घरी आल्यापासून चालतो मालकीणबाईंचा!"

"नाव घ्या, नाव!" बायकांनी गलका केला.

"नाव घेतलं तर कोर्टमार्शल हुईल," नाना म्हणाले. नानींनी पदर तोंडाला लावला होता, पण खांदे हलत होते. तिन्ही लेकींची बाळंतपणं झाली तेव्हा नाना सरहद्दीवर होते. त्याची भरपाई म्हणून की काय, नातवंडांचे लंगोट त्यांनी वाळत घातले, तेही एका ओळीत, सारख्या अंतरावर.

गेल्या हिवाळ्यात नाना गेले. यंदा बैठकीत देखावा, वर्गणी, डॉल्बी नको यावर तासभर खल झाला, पण संगीत खुर्चीचा पंच कोण, हे विचारायला कुणाची जीभ रेटेना. शेवटी त्यांची धाकटी नात उठली. कॉलेजात एनसीसी करते. स्पर्धेच्या दिवशी तिनं पहिल्याच फेरीत अध्यक्षांना शिंकल्याबद्दल बाद केलं. ते कुरकुरत निघाले, तशा नानी पहिल्या रांगेतून ओरडल्या, "अगं, उठाबशा राह्यल्या की त्येंच्या!"

अध्यक्षांनी पाच काढल्या. नानींनी मोजल्या.