दीक्षेच्या आधी आलेल्या आजी

पूर्व नागपुरात, कळमन्याच्या बाजूला असलेल्या छत्तीसगढी मजुरांच्या वस्तीत स्थलांतराची पाहणी करताना एकाच घराने आमच्या प्रश्नावलीची चांगलीच परीक्षा घेतली.

घरातल्या आजींना आपले वयही सांगता येईना आणि नागपुरात आल्याचे सालही. अशा वेळी आम्ही सर्वांच्या लक्षात राहिलेल्या घटनांचा आधार घेतो, आणि नागपुरात 14 ऑक्टोबर 1956 च्या दीक्षेइतकी पक्की खूण दुसरी नाही. आजी लगेच म्हणाल्या, "दीक्षा झाली तवा मी इथंच होती. पांढऱ्या कपड्यातले लोकच लोक!" त्या वडिलांबरोबर राजनांदगावकडून रेल्वेने आल्या होत्या.

सोबतच्या विद्यार्थिनीने 'आंतरराज्य स्थलांतर' अशी नोंद केली. आजच्या सीमांप्रमाणे ती बरोबरच होती. परंतु त्या काळी राजनांदगाव ज्या मध्य प्रदेशात होते, त्याची राजधानीच नागपूर होती. म्हणजे आजींचे वडील आपल्याच राज्याच्या राजधानीत मजुरीला आले होते. दीक्षेनंतर अवघ्या 18 दिवसांनी, 1 नोव्हेंबरला, नागपूर मुंबई राज्यात गेले, 1960 मध्ये ते महाराष्ट्रात आले आणि 2000 मध्ये आजींचे माहेर छत्तीसगढमध्ये गेले. या सगळ्या काळात आजी मात्र जागच्या हलल्या नव्हत्या.

सूनबाईंचे उत्तर मला अधिक महत्त्वाचे वाटले. येण्याचे कारण त्यांनी 'लग्न' असे सांगितले आणि पुढच्याच वाक्यात, आठवडाभरात बांधकामावर घमेले उचलायला लागल्याचेही सांगितले. मी खोदून विचारले तेव्हा म्हणाल्या, "ठेकेदार जोडीलेच घेते, ताई. म्हणून तर सासऱ्यानं घाई केली." लग्नामुळे स्थलांतर आणि स्थलांतरामुळे मजुरी, असा सरळ क्रम आपण गृहीत धरतो, इथे मजुरीसाठीच लग्न लवकर उरकले होते. जनगणनेत स्थलांतराचे कारण 1981 पासून विचारले जाते, पण ते एकच नोंदवतात. स्त्रियांच्या बाबतीत लग्न हे सर्वांत मोठे कारण ठरते, त्यात अशा किती मजूर स्त्रिया दडल्या असतील, हे त्या तक्त्यावरून कळायला मार्ग नाही.

जनगणनेशी तुलना करता यावी म्हणून मी 'लग्न' हा संकेतांक तसाच ठेवला. मात्र त्या संध्याकाळीच प्रश्नावलीत दुसऱ्या कारणाचा रकाना वाढवला आणि 'आल्यानंतर पहिल्या वर्षात कोणते काम केले?' हा प्रश्न प्रत्येक विवाहित स्त्रीला विचारायचे ठरवले.