शिवाजी पेठेतली ताडपत्री

मॅरेथॉनच्या दिवशी डॉक्टरांची फौज शेवटच्या रेषेवर असते. मांडव, खाटा, सलाइन, फिजिओथेरपिस्ट, सगळं तिथेच. मी मात्र गेली काही वर्षं शेवटच्या तीन-चार किलोमीटरमधलं एखादं मदत केंद्र मागून घेते. एरवी मी एका खासगी रुग्णालयाच्या अपघात विभागात काम करते. तिथे पाहिलंय, खरा घात होतो तो रेषेच्या अलीकडे. पळणाऱ्याला शेवट जवळ आल्याचं कळलेलं असतं आणि शरीराचं ऐकणं त्याने बंद केलेलं असतं. त्या वर्षी मला कोल्हापुरात शिवाजी पेठेतलं, रंकाळा टॉवरजवळचं केंद्र मिळालं. २१ किलोमीटरवाल्यांचा तो अठरावा किलोमीटर.

जानेवारीतला रविवार. पहाटे १५-१६ अंश असतील. रंकाळ्यावर धुकं होतं, आम्ही स्वेटर घालून चहा पीत उभे होतो. पेठेतल्या बायकांनी रस्त्याकडेला रांगोळ्या काढल्या होत्या, कुणी ताटात गूळ-शेंगदाणे घेऊन उभ्या होत्या, कुणी लिंबाच्या फोडी आणि मीठ. कोपऱ्यावर हलगी कडाडत होती. तालमीतली पोरं पाण्याचे पेले भरून ठेवत होती आणि येणाऱ्या प्रत्येकाला, ओळख असो नसो, "चल भावा, राहिलंय किती आता!" म्हणून ओरडत होती.

पळणाऱ्याला एकटं सोडायचं नाही, हे कोल्हापूरला कुणी शिकवायला नको. पैलवान खाशाबा जाधव १९४८ ला लंडनच्या ऑलिम्पिकला गेले ते कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने. १९५२ ला हेलसिंकीला जायची वेळ आली तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. त्याच हेलसिंकीत चेकोस्लोव्हाकियाचा धावपटू एमिल झाटोपेक आयुष्यात पहिल्यांदा मॅरेथॉन पळला आणि जिंकला. आणि लांब पळण्याचं म्हणाल तर आपल्या शेजारच्या बेळगावचे फडेप्पा चौगुले १९२० मध्येच अँटवर्पच्या ऑलिम्पिकमध्ये मॅरेथॉन पळून १९ वे आले होते. आपल्याकडे मॅरेथॉन हे शहरी लोकांचं अलीकडचं खूळ आहे असं कुणी म्हटलं की मी हे नाव आवर्जून सांगते.

साडेसातच्या सुमाराला वेगवान पोरं यायला लागली. यातली बरीचशी भरतीची तयारी करणारी असतात. पोलीस भरतीला १६०० मीटर पळावं लागतं, ही पोरं रोज पहाटे त्याच्या कितीतरी पट पळतात आणि बक्षिसाच्या रकमेसाठी अशा शर्यतींना येतात. ती माझ्यासमोरून जातात तेव्हा बघत राहावंसं वाटतं.

तेवढ्यात पाण्याच्या टेबलावरच्या एक मावशी ओरडल्या, "ओ मॅडम, ह्यो पोरगा उलटा पळाय लागलाय बघा की!"

विशी-बाविशीचा मुलगा. टेबलापर्यंत आला, थबकला, आणि आल्या दिशेने परत पळायला लागला. पाय फाकत होते. एका स्वयंसेवकाने दंड धरला तर त्याने हिसका दिला, शिवी हासडली आणि विचारलं, "बस गेली का?" पुन्हा तेच, "बस गेली का?" आणि गुडघ्यांतून खाली बसला, मग आडवाच झाला.

अंगात काळं नायलॉनचं जॅकेट, चेन गळ्यापर्यंत ओढलेली. घाम निघावा म्हणून बरीच पोरं असं काहीतरी घालतात. जॅकेट कात्रीने कापलं तर आतून वाफ आली. कातडी घामाने ओली होती आणि हाताला चटका बसेल इतकी तापलेली. उष्माघातात अंग कोरडं पडतं असं लहानपणापासून ऐकलेलं असतं. मे महिन्यात घरात बसलेल्या म्हाताऱ्या माणसाचं तसं होतं, पळणाऱ्याचं अंग घामाने भिजलेलं असू शकतं.

गर्दी जमायला दहा सेकंद लागले नाहीत. "शुगर कमी झाली असंल." "अटॅक हाय." "फिट आलीया, कांदा हुंगवा." कुणी पाण्याची बाटली तोंडाला लावायला धावलं, त्याला मी हाताने अडवलं. शुद्ध नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतलं तर ते छातीत जातं. शुगर तपासली, ११२. नाडी १६० च्या वर. आता खरं तापमान हवं होतं. काखेत लावलेला थर्मामीटर अशा वेळी फसवतो, घामामुळे दोन-तीन अंशांनी कमी दाखवतो आणि डॉक्टर निर्धास्त होतो. ताप आतून, गुदद्वारातूनच मोजावा लागतो. भर रस्त्यात, शेकडो लोकांसमोर.

मी फक्त "आडोसा पाहिजे" एवढं म्हणाले. त्या मावशी आणि आणखी चार-पाच जणी समोरच्या घरातून चादरी घेऊन आल्या आणि पाठ करून गोल उभ्या राहिल्या. एकीनेही मान वळवून पाहिलं नाही. थर्मामीटरवर आकडा आला १०७.

रुग्णवाहिका वीस पावलांवर इंजिन चालू ठेवून उभी होती. सगळ्यांचं म्हणणं एकच, गाडीत घाला आणि पळवा. मी नाही म्हणाले.

कारण सांगते. स्नायू काम करतात तेव्हा खर्च होणाऱ्या शक्तीतला तीन-चतुर्थांश भाग उष्णता बनून अंगात राहतो. ती बाहेर टाकायची मुख्य वाट म्हणजे घामाचं वाळणं. ती वाट जॅकेटने बुजवली, त्यात आधीचा आजार, जागरण, आणि जिंकायची ईर्षा, की जानेवारीतसुद्धा माणूस आतून शिजतो. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिम्पिकमध्ये पोर्तुगालचा फ्रान्सिस्को लाझारो तिसाव्या किलोमीटरच्या आसपास कोसळला आणि दुसऱ्या दिवशी गेला. उन्हापासून बचाव म्हणून त्याने अंगाला मेण फासलं होतं असं सांगतात. मेण काय आणि नायलॉन काय, घामाला दोन्ही सारखेच.

पॅरासिटामॉलचा इथे उपयोग नाही. जंतूंमुळे येणाऱ्या तापात मेंदूच तापमान वर सरकवतो आणि गोळी त्याला ते खाली आणायला लावते. इथे मेंदूची तशी इच्छाच नसते, अंग नुसतं तापलेलं असतं. त्याला उष्णता काढून घेणारं काहीतरी हवं, आणि पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने उष्णता खेचतं. अमेरिकेतल्या फालमथ गावात दरवर्षी ऑगस्टमध्ये ११ किलोमीटरची शर्यत होते. तिथे अठरा वर्षांत उष्माघाताचे २७४ रुग्ण आले. सगळ्यांना जागेवरच बर्फाच्या पाण्यात बुडवलं. २७४ च्या २७४ वाचले. अर्ध्या तासात ताप उतरला तर माणूस बहुधा धडधाकट घरी जातो. तो अर्धा तास गाडीत, बंद रस्त्यांवर आणि केसपेपर काढण्यात गेला, तर मेंदू, यकृत, मूत्रपिंडं एकामागून एक हात टेकतात.

हे मला पुस्तकातूनच कळलेलं नाही. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका शहरातल्या शर्यतीतला तरुण आमच्याकडे तासाभराने पोचला होता. कपाळावर ओल्या रुमालाची घडी, हाताला सलाइन. बाकी काही केलेलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी त्याचं यकृत गेलं, पाचव्या दिवशी तो गेला. त्याच्या वडिलांना मी जे सांगितलं ते पुन्हा कुणाला सांगायची माझी तयारी नव्हती.

पण बुडवायचं कशात? टब होता तो शेवटच्या रेषेवर, तीन किलोमीटर लांब. माझ्याकडे गोळे आलेल्या पायांवर लावायला एक आइसबॉक्स होता, त्याने काय होणार! मी ओरडले, "बर्फ पाहिजे, भरपूर, आणि एखादी ताडपत्री!" आणि तिथे कोल्हापूरचा रविवार मदतीला आला. रविवारी सकाळी आपल्याकडे मटण आणि मासळीच्या दुकानांवर झुंबड असते. गल्लीच्या तोंडाशी एका मासळीवाल्याचे क्रेट नुकतेच उतरले होते. त्याने सुरमई बाजूला काढून अख्खे क्रेट उचलून आणले, टपरीवरची निळी ताडपत्री ओढून काढली. एका आजींनी दारातच बर्फाच्या लाद्या वरवंट्याने फोडल्या. पोरांनी बादल्यांची रांग लावली, घरातल्या पिंपांतून पाणी यायला लागलं.

गर्दीतून मात्र आवाज चढत होता. "थंडीत बर्फात घालताय व्हय? निमोनिया हुईल की!" "मारताय पोराला!" "न्या की सीपीआरला, सरकारी दवाखान्यात!" मोबाइल उंच धरलेले. चिडावं असं त्यात काही नव्हतं, त्यांना त्या अनोळखी पोराची काळजीच होती. पण समजावून सांगायला माझ्याकडे एक मिनिटही नव्हतं.

मग जवळच्या तालमीतले एक म्हातारे वस्ताद पुढे आले. सत्तरी ओलांडलेली, कान मोडलेले, गळ्याला मफलर. आवाज फार चढवलाही नाही. "त्या डॉक्टर हायत न्हवं? मग गप बसा की रं. मोबाइल खिशात घाला आणि ताडपत्रीला हात लावा."

बस्स. सहा पोरांनी दोन्ही बाजूंनी ताडपत्रीच्या कडा कमरेएवढ्या उचलल्या, मध्ये झोळी झाली. तिच्यात तो मुलगा, वर पाणी, वर बर्फ. मी डोक्याशी, मान आणि तोंड पाण्याबाहेर धरून. पाणी नुसतं साचून चालत नाही, अंगालगत कोमट थर धरतो आणि थंडावा अडतो. म्हणून पोरं एका लयीत कडा वरखाली करत राहिली. वस्ताद लय सांगत होते. हलगीवाला केव्हा थांबला कळलंही नाही. मागून शर्यतीतले लोक जात होते, काही थबकत होते, त्यांना मावशी "तुम्ही पळा, हितं माणसं हायत" म्हणून पुढे पाठवत होत्या.

हात बधिर झाले तशी पोरं आपसांत बदलली, पण ताडपत्री खाली टेकली नाही. दर थोड्या वेळाने मी आकडा बघत होते. १०६. १०५. १०४ च्या खाली आल्यावर तो कण्हला. अठरा-वीस मिनिटांनी १०२ झालं तेव्हा मी बर्फ थांबवला, कारण त्यापुढे थंड करत राहिलं तर अंग गरजेपेक्षा खाली घसरतं. त्याने डोळे उघडले, आजूबाजूला बघितलं आणि विचारलं, "कितवा आलो?"

त्याचा मित्र तोवर शोधत पोचला होता. परवा ताप आला होता, गोळी खाऊन उतरला, घाटाकडच्या वाडीतून रात्रीच्या शेवटच्या एसटीने आले आणि स्टँडवर बसून रात्र काढली, हे त्याच्याकडून कळलं. बसचं कोडं तेव्हा उलगडलं.

मग रुग्णवाहिका निघाली. मुलगा अतिदक्षता विभागात होता, स्नायू फुटल्याच्या खुणा रक्तात वाढल्या होत्या, पण लघवी चांगली होत राहिली आणि मूत्रपिंडं सांभाळली गेली. दोन दिवसांनी तो वॉर्डात आला. अंगाला अजून मासळीचा वास येतोय अशी नर्सची तक्रार होती. त्याला एकच चिंता, भरतीचं मैदान कधी. मी त्याला काही आठवडे पळायचं नाही, मग चालण्यापासून सुरुवात, आणि ते जॅकेट आयुष्यात पुन्हा नाही, एवढं लिहून दिलं. आईने तो कागद घडी करून ब्लाउजमध्ये ठेवला.

तोवर मी मॅरेथॉनच्या तयारीच्या बैठकांत डॉक्टर किती, खाटा किती, गाड्या किती एवढंच बोलत असे. आता पेठांशी बोलते. रस्ता रविवारी सकाळी चार तास बंद राहतो तो या लोकांच्या दारातला. माणूस पडतो तो त्यांच्याच उंबऱ्यासमोर, आणि आम्ही पोचायच्या आत पहिली दोन मिनिटं त्यांच्याच हातात असतात. पुढच्या वर्षी शर्यतीच्या आधी तालमीत जाऊन आम्ही पोरांना ताडपत्री धरायला शिकवलं. मुळात त्यांनीच मला दाखवलं होतं, मी फक्त बर्फ आणि पाण्याचं प्रमाण सांगितलं. मावशींना आणि त्यांच्या गटाला सांगितलं की तिरका पळणारा, उलटा फिरणारा, असंबद्ध बोलणारा दिसला की आधी थांबवा, जॅकेट काढा, अंगावर पाणी ओता, तोंडात नाही, आणि आम्हाला हाक मारा. नाव नोंदवायच्या अर्जात आता गेल्या आठवड्यात ताप येऊन गेला का, हा प्रश्न आहे. नंबराच्या कागदामागे घरच्यांचा फोन लिहायला जागा आहे. तीन केंद्रांवर बर्फ आणि कडेला दोरीचे कान शिवलेल्या ताडपत्र्या असतात. मासळीवाले स्वतःहून विचारतात, यंदा किती क्रेट ठेवू.

एका गोष्टीवर अजून अडलंय. प्रत्येक केंद्रावर आतून ताप मोजायची सोय आणि त्यासाठी कायमचा आडोसा असावा, असं मी मागतेय. रस्त्यावर ते बरं दिसत नाही, लोक नावं ठेवतील, असं काहींचं म्हणणं पडतं. शिवाजी पेठेतल्या त्या बायकांनी काही न विचारता चादरी धरल्या होत्या, हे मी त्यांना सांगितलंय. यंदाच्या बैठकीत हा मुद्दा पुन्हा मांडणार आहे, आणि मावशींनाही सोबत घेऊन जाणार आहे.